शेवटच्या पानावरचा नावाडी

दि. ४ मार्च

चि. भिंगरी हिला,

मामाचे अनेक आशीर्वाद, आणि मामीचे त्याहून थोडे जास्त. (ती शेजारी उभी राहून लिहायला लावते आहे.)

तुझ्या ‘नऊ कंदिलांचं राज्य’च्या दुसऱ्या भागाच्या पाच प्रती पोचल्या. अभिनंदन. पार्सलला सुतळी होती हे ठीक, पण गाठ चुकीची मारली होती. असो. पुस्तक हातात घेतलं, मधोमध उघडलं आणि पाठ कडकन वाजली. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं! चार वाचकांच्या हातांतून गेलं की पत्त्यांसारखी पिसता येतील. म्हणून नेहमीप्रमाणे पाचही प्रती सोडवायच्या, दोऱ्यानं शिवून कापडी पाठीत घालायच्या आणि मग वाचनालयाला द्यायच्या, असं ठरवलं. आपल्या घरात आलेलं पुस्तक पक्कं झाल्याशिवाय बाहेर जात नाही, हे तू शाळेत असल्यापासून पाहते आहेस.

बांधायच्या आधी मी प्रत्येक पुस्तक वाचतो, हेही तुला ठाऊक आहे. माझं सगळं शिक्षण तसंच झालं. लोक कॉलेजात जाऊन जे शिकतात, ते मी चिकटवायची खळ वाळेपर्यंत वाचून काढलेलं आहे, आणि त्यांच्यापेक्षा सावकाश. तर वाचता वाचता लक्षात आलं की तुझ्या छापखान्यानं भयंकर घोटाळा करून ठेवला आहे. पहिल्याच प्रकरणात कंदीलवाली मुलगी दलदल ओलांडून दगडी दरवाजापाशी पोचते, आणि तिचा म्हातारा नावाडी होडीतच मरून पडलेला असतो. दुसऱ्या प्रकरणात तोच नावाडी तापानं फणफणला आहे, पण जिवंत आहे. पुढे तो नुसता खोकतो. आणखी पुढे ठणठणीत होऊन वल्हं मारतो आणि राणीची नक्कल करतो. शेवटच्या प्रकरणात तर दोघं घाटावरून निघताहेत! अगं, फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, रचताना कुणीतरी गठ्ठाच उलटा धरला.

पानांचे आकडे सरळ आहेत, हे मी पाहिलं. आकडे यंत्र टाकतं. यंत्र काही गोष्ट वाचत नाही. तू प्रकरणांना नुसती नावं दिलीस, क्रमांक दिले नाहीस, त्यामुळे त्या बिचाऱ्यांचीही गफलत झाली असेल. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू केलंय, एवढी एक सोय मात्र होती. मी सगळी पानं सुटी केली, प्रकरणं ज्या क्रमानं घडली त्या क्रमानं लावली, पातळ कागदाच्या पट्ट्यांवर जोडली, जुने आकडे खरवडून नवे शिक्के मारले आणि शिवून टाकली. पाचही प्रती. मामी म्हणते, डोळे जातील. जाऊ देत, भाचीचं नाव तर राहिलं.

बाकी किरकोळ शंका अशा: त्या मापाच्या कंदिलात सबंध दलदल पार होईल एवढं तेल मावणार नाही. धुकं पिणारा राक्षस उन्हाळ्यात काय पितो, याचा खुलासा नाही. सविस्तर पुढच्या पत्रात लिहितो.

छापखान्याला खडसावताना माझं नाव घ्यायला हरकत नाही.

कळावे, आणि कळल्यावर लगेच कळवावे.
तुझा,
मामा


दि. ९ मार्च

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची पद्धत आहे, पण आज विनंती नाही, नुसता आक्रोश आहे.

अहो मामा, छापखान्यानं काहीही चुकवलेलं नाही! गोष्ट मीच उलटी सांगितली आहे. ठरवून. आधी मरण, मग त्याच्या आदला दिवस, मग त्याच्या आदला, असं मागे मागे जात शेवटी निघायची सकाळ. विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीच्या फायली हातावेगळ्या करत, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून मी हा क्रम लावला आहे. तीन वेळा सगळं फाडून पुन्हा लिहिलं. आणि तुम्ही ते सुरीनं सोडवून सरळ केलंत! वर त्यावर शिक्के मारलेत!

तुम्हांला वाटेल, पाच प्रतींसाठी ही पोरगी एवढी का ओरडते आहे. तर ऐका. प्रकाशकांनी मला बोलावून समोर बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं की दुसऱ्या भागावर वाचकांचे अभिप्राय कसे येतात ते पाहू आणि मगच तिसरा भाग काढायचा की नाही ते ठरवू. तिसरा भाग माझ्या टेबलाच्या खणात अर्धा लिहून पडला आहे. तो निघाला नाही तर ती मुलगी त्या दगडी दरवाजाबाहेर जन्मभर उभी राहणार, आणि तिच्यासोबत मीही.

आणि अभिप्राय कसे येताहेत म्हणता? एक लिहितो, मधल्या भागात काहीच घडत नाही. दुसरा लिहितो, घडतं, पण सगळं पहिल्याच प्रकरणात घडून जातं, मग पुढची पानं कशाला विकत दिलीत. एका बाईंनी पहिला भाग वाचलेला नाही, दुसरा वाचायचा विचार नाही, पण तिसऱ्यात राणीचं त्या दाढीवाल्या मंत्र्याशी जमतं का तेवढं त्यांना आधी कळवायचं आहे. एका गृहस्थांकडे पार्सल भिजून पोचलं, म्हणून त्यांनी लेखिकेला नापास केलं. आणि एक मंडळ आहे, ते पुस्तकातला नकाशा फूटपट्टीनं मोजून सांगतं की दलदल पहिल्या भागात होती त्यापेक्षा अरुंद झाली आहे. (हे वाचताना मला का कोण जाणे, तुमचीच आठवण आली.)

तेव्हा मामा, हात जोडते. त्या पाच प्रती वाचनालयात जाऊ देऊ नका. गेल्या असतील तर परत आणा. उसवा, आणि होत्या तशा करा.

रागावले आहे, तरी माया पातळ झालेली नाही. तुमचीही होऊ देऊ नये.
तुमची,
भिंगरी

मामीला सांगा, जेवते आहे वेळेवर. जिन्यात, पण वेळेवर.


दि. १७ मार्च

चि. भिंगरीला,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मामीनं ते माझ्याकडून मोठ्यांदा वाचून घेतलं, आणि सुरीच्या वाक्याला माझ्याकडे असं काही पाहिलं की मला पुन्हा वाचावं लागलं.

तू म्हणतेस, ठरवून उलटी सांगितली. मी उद्या ठरवून विजार उलटी घालून बाहेर पडलो, तर लोक त्याला माझी शैली म्हणतील का? पण तुझी कला तुझ्यापाशी. मी प्रती परत आणायला खरंच गेलो होतो. उशीर झाला होता. पाचही प्रती बाहेर गेल्या होत्या, आणि आता माणसं त्यांच्यासाठी नंबर लावून बसली आहेत.

आपल्या वाचनालयाची रीत तुला माहीत आहे. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला मी एक कोरा कागद चिकटवतो, त्यावर वाचकानं अभिप्राय लिहिल्याखेरीज दुसरं पुस्तक मिळत नाही. आजवर लोक ‘ठीक’ असं लिहून सुटका करून घेत. तुझ्या पुस्तकाला मला पुरवणी कागद जोडावे लागले आहेत.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला लिहितो, नावाडी मेल्यावर ती मुलगी शेवटच्या पानावर गुपचूप होडी धुवायला लागते, तिथं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर डाग पडला. त्याची तक्रार एवढीच की राणीचा रेशमी झगा एवढ्या चिखलातून जाऊन कुठेच चुरगळत नाही. दंतवैद्य लिहितो, दुसऱ्या भागाला शेवट असलेली ही पहिलीच मालिका त्याच्या पाहण्यात आली. राक्षसाच्या दाढांची संख्या त्याला पटलेली नाही, पण तो ते खासगीत कळवणार आहे. आणि ग्रंथपालबाई, ज्या गेली कित्येक वर्षं पुस्तकांचे फक्त कणे वाचत आल्या आहेत, त्यांनी हे आतून वाचलं. त्या तर म्हणाल्या की असा सरळ, चढत जाणारा शेवट हल्ली कुणी लिहीत नाही. त्यांनी सगळे अभिप्राय स्वच्छ अक्षरात उतरवून परवाच तुझ्या प्रकाशकाकडे टपालानं धाडले. त्यांना वाटलं, तुला मदत होईल. मलाही तसंच वाटलं.

आता सांग, सुरी चालवणाऱ्यानं तुझं वाईट केलं की चांगलं?

तेलाच्या शंकेला तू उत्तर दिलेलं नाहीस.

लोभ असावा, आणि तो सरळ क्रमानं असावा.
तुझा,
मामा


दि. २१ मार्च

चि. भिंगरी,

गोड गोड आशीर्वाद. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस, पोळपाटावर कागद ठेवून लिहिते आहे.

तुझे मामा सध्या जमिनीवर नाहीत. रोज इस्त्रीचा सदरा घालून वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझी दलदल समजावून देतात. कुणी विचारलं, पुस्तक कुणाचं, तर म्हणतात, लिहिलंय भाचीनं, लावलंय मी. परवा एकानं सही मागितली, तर यांनी दिली! मी म्हटलं, अहो, तुम्ही शिवणारे, तुमची सही कशाला, तर म्हणे शिंपीसुद्धा गळ्याच्या आत आपली चिठ्ठी लावतो.

पण दुसरी गोष्टही सांगते, म्हणजे तुला पुरता माणूस दिसेल. सोमवारी यांची दाढ दुखत होती म्हणून हे दंतवैद्याकडे गेले होते. यांचं तोंड उघडं, त्याचं यंत्र चालू, आणि तेवढ्यात तो म्हणाला की तुमची भाची मधे मधे फार पाल्हाळ लावते हो. हे तसेच उठले. अर्धी कोरलेली दाढ घेऊन घरी आले. तेव्हापासून गाल सुजलाय, पण दुसऱ्या दंतवैद्याची चौकशी चालू आहे.

मी तुझं पुस्तक अजून वाचलेलं नाही. सरळ वाचू की उलटं, तेवढं तू सांग, मग वाचेन. यांनी तुझं काही खरंच मोडलं असेल, तर तोंडावर सांग. आडून सांगितलेलं यांना कळत नाही. मी संसारभर प्रयोग करून पाहिले आहेत.

अंगावर जाडसर काही घेत जा जिन्यात. माया आहेच, ती लिहायला पोळपाट पुरत नाही.
तुझी,
मामी


दि. २ एप्रिल

ती. मामांस,

सा. न.

तुम्ही जिंकलात. अभिनंदन करायला लिहिते आहे.

वाचनालयाचे अभिप्राय प्रकाशकांना मिळाले आणि त्यांचा मला सकाळी सकाळी फोन आला. एवढ्या प्रेमानं ते याआधी कधीच बोलले नव्हते. म्हणाले, शेवटच्या पानावर माणसं रडताहेत, आणि हे तुम्ही आम्हांला सांगितलं नाहीत! मामा, त्यांच्याच घरून छापून निघालेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नावाडी हसत हसत होडीचा दोर सोडतो आहे. यावरून मला कळलं की त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. मी सांगेपर्यंत ते जाहिरातही छापून मोकळे झाले होते. ती आता प्रत्येक दुकानात टांगली आहे: ‘शेवटचं पान वाचताना रुमाल जवळ ठेवा.’

मग मी त्यांना खरा प्रकार सांगितला. तुमची सुरी, पट्ट्या, शिक्के, सगळं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, मग पुढची आवृत्ती मामांच्याच क्रमानं काढू. सरळ. लोकांना तेच आवडलंय. तसं लेखी दिलंत तर तिसऱ्या भागाचा करार लगेच करू. नाही दिलंत, तर तिसऱ्या भागाचं आपल्याला पुन्हा कधीतरी बघावं लागेल. हे ‘पुन्हा कधीतरी’ आमच्या ऑफिसातही चालतं, त्या कपाटात गेलेली फाईल मी अजून परत आलेली पाहिली नाही.

महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी हो म्हणणार आहे. माझा क्रम मला सोडून कुणालाच नको आहे, आणि मला ती मुलगी दरवाजातून आत गेलेली बघायची आहे. तुमच्या क्रमाची एक प्रत, कुठलं पान कुठे लावलं त्याच्या खुणांसकट, प्रकाशकांना हवी आहे. तुमच्याइतकं काटेकोर ते कुणी करून देणार नाही, असं मीच त्यांना सांगितलं. पुस्तकावर ‘मांडणी’ म्हणून तुमचं नाव घालायलाही ते तयार आहेत.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही चूक समजून दुरुस्त केलंत. मला एवढंच वाटत राहतं की तुम्ही ते पुस्तक तपासलंत, वाचलं नाहीत.

दाढेची काळजी घ्या. मला कुठून कळलं ते विचारू नका.

लोभ असू द्यावा, त्यात सुधारणा करू नये.
भिंगरी


दि. १२ एप्रिल

चि. भिंगरीला,

आशीर्वाद. दाढ बरी आहे. मामीच्या अक्षराला पिठाचा वास येतो, हे तिच्या लक्षात येत नाही, तेव्हा कुठून कळलं ते मी विचारत नाही.

तुझं पत्र वाचून पहिला दिवस मी फार खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मामीला म्हटलं, पुस्तकावर नाव येणार. ती म्हणाली, कुणाच्या? मी म्हटलं, माझं. ती म्हणाली, नाव नव्हे, कुणाच्या पुस्तकावर? मी कामाला लागलो.

खुणांची प्रत करायची म्हणजे आधी तुझा क्रम कागदावर उतरवायला हवा, मग त्याच्यासमोर माझा. पण तुझ्या क्रमाची प्रत माझ्याकडे राहिली कुठे होती? एक वाचनालयातून परत आणून उसवली. आणि छापून आली होती तशी पुन्हा लावली. जुने आकडे मी खरवडलेले आणि नवे माझ्या क्रमाचे, म्हणून प्रत्येक पानाचा शेवट पुढच्या पानाच्या सुरुवातीशी जुळतो का, ते वाचून बघणं भाग होतं. म्हणजे सगळंच वाचणं भाग होतं. आणि या खेपेला छापखान्याची चूक शोधायची नव्हती.

पहिल्या प्रकरणात ती मुलगी धुकं मागे लागलेलं असताना होडी धुते. मागच्या वेळी मी समासात लिहिलं होतं की ही काही होडी धुवायची वेळ नव्हे. या वेळीही तेच वाटलं, पण लिहिलं नाही, पुढे गेलो. मग नावाडी तापात, मग नावाडी खोकताना, मग नावाडी राणीची नक्कल करताना. मला त्याच्या एकाही विनोदाला हसू येईना. विनोद चांगले आहेत, मागच्या वेळी मी हसलो होतो. पण आता तो पानागणिक बरा होत होता आणि माझाच जीव खाली-वर होत होता. आणि शेवटचं पान. मुलगी घाटावर विचारते, परत कधी यायचं. तो दोर सोडता सोडता म्हणतो की मी आधी उतरणार बरं का, आणि जो मागून उतरतो त्यानं होडी धुवायची असते. दोघं हसतात. पुस्तक संपतं.

मामीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, खळ आंबली आहे, वास डोळ्यांत जातो. तिनं भांडं उघडून पाहिलं. खळ ताजी होती. तिनं भांडं पुन्हा झाकून ठेवलं.

माझ्या क्रमात माणूस रडतो, डोळे पुसतो आणि पुस्तक परत करून मोकळा होतो. तुझ्या क्रमात पुस्तक मिटलं तरी तो नावाडी तिकडे दोर सोडतोच आहे, आणि त्याला कुणी सांगू शकत नाही की थांब.

मी तुझ्या प्रकाशकाला पत्र टाकलं आहे. लिहिलं आहे की सदर क्रम माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही, खुणांची प्रत मिळणार नाही, आणि माझं नाव कुठे छापलेलं दिसलं तर मी स्वतः येऊन ते खरवडेन. त्यानं तुझा तिसरा भाग अडला, तर त्याला जबाबदार मी, हे मला कळतं. तुला न विचारता दुसऱ्यांदा हात घातला. पण तू हो लिहून बसायच्या आत पत्र पोचावं म्हणून घाई केली.

लोभ ठेवण्यासारखं मी सध्या काही केलेलं नाही. तरी ठेवावा.
तुझा,
मामा


दि. ६ मे

ती. मामांस,

सा. न. या वेळी विनंतीही आहे आणि विशेषही. सावकाश वाचा.

तुमचं पत्र मिळायच्या आदल्याच दिवशी मी प्रकाशकांना नकार धाडला होता. आपली दोघांची पत्रं त्यांच्या टेबलावर एकाच टपालानं पडली. मी खरंच हो लिहायला बसले होते, मामा. ‘सदर बदलास माझी काही हरकत नाही’ हे वाक्य लिहायचं होतं. ऑफिसात हे वाक्य मी रोज लोकांना लिहायला सांगते. त्यांचं जे गेलं त्याच्या अर्ध्यावर समाधान मानताना माणसं ते लिहितात, आणि खाली सही कुठे करायची ते मी बोटानं दाखवते. त्या दिवशी मला माझंच बोट दिसायला लागलं. मी कागद उलटा करून त्यावर ‘हरकत आहे’ लिहिलं आणि पाठवून दिलं. मग घरी येऊन खण उघडला, तिसऱ्या भागाची पानं काढली आणि पुन्हा आत ठेवली. आठवडाभर तो खण उघडला नाही.

आणि मग काल प्रकाशकांनी बोलावलं. मी मनात सगळी भाषणं तयार करून गेले होते, एकही लागलं नाही. झालं असं की ती रुमालाची जाहिरात वाचून लोकांनी पुस्तक भराभर नेलं. रुमाल घेऊन शेवटच्या पानापाशी बसले. तिथं नावाडी हसतो आहे! मग अभिप्रायांचा पाऊस. कोणी लिहितो, आमचे अश्रू कुठे आहेत. कोणी लिहितो, आमच्या प्रतीतलं एक पान गळलं असावं, पाठवून द्या. एका समीक्षकानं लेखच लिहिला की न रडवणं हाच या शेवटाचा खरा शोक आहे. नकाशावाल्या मंडळात फूट पडली आणि दोन्ही गट वेगवेगळं वार्षिक संमेलन भरवणार आहेत. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आपापसांत ठरवून टाकलं की जाहिरातीतलं रडू तिसऱ्या भागात असणार. आता ते तिसरा भाग मागताहेत. हक्कानं.

प्रकाशक म्हणाले, लोक रडायला तयार बसले आहेत, त्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. मी भीत भीत क्रमाचं विचारलं. ते म्हणाले, कुठला क्रम? मग आठवून म्हणाले, हां, ते राहू दे, उलटसुलट करायचं तर पानं नव्यानं लावावी लागतील, तुम्ही दोघांनी नको म्हटलंत ते बरंच झालं. पुस्तक त्यांनी अजूनही वाचलेलं नाही. करारावर मात्र सही झाली. मामा, तिसरा भाग निघणार. मी लिहीन त्या क्रमानं.

एवढ्या सगळ्या अभिप्रायांत त्या शेवटच्या पानावर खरोखर रुमाल काढणारा वाचक मला एकच भेटला, आणि त्यानं दोष खळीवर ढकलला. तो अभिप्राय मी प्रकाशकांना दाखवणार नाही. तो माझा आहे.

सोबत तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण धाडते आहे. अजून कुणीही वाचलेलं नाही. मामीला सांगा, दुसरा भाग छापलाय तसाच वाच.

लोभ होता, आहे, आणि आता तर फारच आहे.
तुमची,
भिंगरी


दि. २० मे

चि. भिंगरीला,

अनेक आशीर्वाद. कराराचं वाचून मामीचं शेजारीपाजारी सगळीकडे सांगून झालं आहे. मी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त नव्या दंतवैद्याला ओझरतं सांगितलं.

वाचनालयाच्या उरलेल्या चारही प्रती परत आणून मी छापल्या होत्या तशा केल्या, आणि ज्यांनी आधी वाचलं त्यांनी पुन्हा वाचावं असा आग्रह धरला. परिणाम चांगला नाही. इस्त्रीवाला विचारतो, चांगलं रडून झालं होतं, त्यात पुन्हा हात कशाला घातलात. जुना दंतवैद्य म्हणतो, आता राक्षसाच्या दाढा आणखीच चुकल्यासारख्या वाटतात. ग्रंथपालबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांच्या मते मी एक बरं पुस्तक बिघडवलं. मामीनं मात्र वाचलं. संपल्यावर उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. अभिप्राय म्हणून कागदावर तिनं ‘ठीक’ असं लिहिलं आहे.

तुझं नवं प्रकरण आलं. लाल पेन्सिलीला टोक करून बसलो. तेलाचा प्रश्न अजूनही लोंबकळतो आहे, पण त्याबद्दल मी आता फार ताणत नाही. दगडी दरवाजाच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात असं तू लिहिलं आहेस, तर तो दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडणार. मग तो आत ढकलायला तिचा जीव जाऊ देऊ नकोस, ओढू दे. एवढी दुरुस्ती नक्की कर.

मग ते पान आलं, जिथं मुलगी दरवाजाच्या आत पहिल्यांदा थांबते, चूल पेटवते, पाणी उकळायला ठेवते आणि सवयीनं दोन पेले मांडते. नावाड्याचा पेला तर दलदलीतच बुडाला होता. दुसऱ्या भागात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग हा दुसरा पेला आला कुठून, असं समासात लिहायला घेतलं. ‘हा दुसरा’ एवढं लिहूनही झालं. मग वाटलं, वाटेत कुठून तरी तिनं एक घेतला असेल. ज्याला लागतो तो घेतो.

लिहिलेलं खोडून टाकलं आहे. तिथं काही बदलू नकोस.

तुझा,
मामा